घ्या ना, वाराबाबा

पेशंटचं नाव विचारलं, तर त्याच्या बायकोने माझ्या तोंडावर फुंकर मारली.

कांद्याचा आणि घोड्याच्या चरबीचा वास आला. मी मागे सरले. "अहो आजी, नाव सांगा, नाव."

"हेच की," कुल्याश म्हातारी म्हणाली. तिने छाती फुगवून लांब श्वास आत ओढला, पलंगावरच्या नवऱ्याकडे बोट दाखवलं, श्वास सोडला, पुन्हा बोट दाखवलं. "कळलं का?"

मला केव्हाच कळलं होतं. तिनिस म्हणजे श्वास, हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि तिनिसबेकला तर सगळं कोकझाल गाव ओळखतं. पण भूल देण्याआधी नाव विचारायचंच असा नियम आहे, आणि म्हातारा स्वतः पोटातल्या कळांनी दात आवळून पडला होता. मी त्याच्या सुनेकडे वळले. सून म्हणजे पेरिझात, माझ्याच हाताखालची नर्स. "तू तरी सांग गं."

पेरिझातने मान खाली घातली आणि खिडकीबाहेर बोट केलं. बाहेर वाऱ्याने बर्फ उडत होता.

आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही आणि सून सासरच्या कुठल्याच थोरामोठ्याचं घेत नाही. नावच नव्हे, त्या नावातला शब्दसुद्धा तिला वर्ज्य. सासऱ्याच्या नावात कुऱ्हाड असेल तर तिने जन्मभर कुऱ्हाडीला 'ती लाकडं फोडायची' म्हणायचं. थोडक्यात, सुनेने सासऱ्याला नावं खुशाल ठेवावीत, फक्त नाव घेऊ नये. मी मात्र माझ्या नवऱ्याला चारचौघांत नावाने हाक मारायचे, वर दोन शिव्या जोडून. तो सोडून गेला. माझी आई अजून म्हणते, नाव घेऊन घेऊन तू त्याला झिजवलंस.

आता पेरिझातची पंचाईत बघा. तिची नेमणूक शुद्धीच्या खोलीत. ऑपरेशन झालेली माणसं तिथे भुलीतून बाहेर येतात, आणि तिथल्या नर्सला दिवसभर एकच वाक्य बोलायचं असतं, श्वास घ्या. नेमका तोच शब्द हिला बंद. मग ती म्हणायची, "वारा घ्या. आता वारा सोडा." पोटाचं ऑपरेशन झालेल्या, अर्धवट शुद्धीतल्या माणसाला वारा सोडा म्हटल्यावर तो काय करणार? करायचे बिचारे. आम्ही खिडकी उघडायचो. मी तिला कितीदा झापलं, पण तिच्याइतकी डोळ्यांत तेल घालून पेशंट सांभाळणारी दुसरी नव्हती, आणि हळूहळू सगळा वॉर्डच वारा घ्यायला आणि सोडायला लागला. घरी ती सासऱ्याला वाराबाबा म्हणायची. म्हाताऱ्याला ते आवडायचं.

दिवस सोगिमचे होते. हिवाळ्यासाठी घोडा कापला की माणसांना जेवायला बोलवायचं, आणि बोलावलं की जायचंच. तिनिसबेक एवढ्या घरी जाऊन आला, चरबीचे एवढे काप त्याने पोटात ढकलले, की शेवटी त्याच्या पित्ताशयाने हात टेकले. ते काढून टाकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"सुनेसमोर मी उघडा पडणार नाही," तो दातांतून म्हणाला. "दुसरी नर्स आणा."

"दुसरी सोगिमला गेलीय."

"कोणाकडे?" कळ आली असतानाही त्याने विचारलं.

शेवटी तह झाला. त्याला हनुवटीपर्यंत पांघरूण घालायचं, पायांत लोकरी मोजे ठेवायचे, आणि पेरिझातने उशाशी उभं राहायचं. पेरिझातनेही आपला मान राखला. टोपीवर वरून रुमाल बांधला. सासऱ्याकडे पाठ करायची नाही म्हणून ती खोलीत उलटी चालायची, आणि उलटी चालत जाऊन दोनदा ट्रॉलीवर आदळली. कुल्याश दाराबाहेर बाकावर बसली, ती नवऱ्याच्या काळजीने आणि सून काय बोलते ते ऐकायला.

ऑपरेशन छान झालं. सर्जनने हात धुतले आणि तोही सोगिमला गेला. मी घशातली नळी काढली, म्हाताऱ्याने डोळे किलकिले केले, माझा हात दाबला. म्हटलं, चला, सुटलो.

कसले सुटलो! म्हातारा अंगाने दांडगा म्हणून मी वेदनेचं औषध त्या बेताने दिलं होतं, पण वय अंगापेक्षा जास्त निघालं. हे औषध अफूच्या जातकुळीचं. दुखणं जातं, पण सोबत शरीराला श्वास घ्यायची आठवणही राहत नाही. असा माणूस 'घे' म्हटलं की घेतो, नाही म्हटलं की तसाच पडून राहतो, तोंडावर समाधान घेऊन. बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा नव्वदच्या खाली घसरला आणि यंत्र कोकलायला लागलं.

मी त्याचा खांदा हलवला. "तिनिसबेक! श्वास घ्या!"

त्याने डोळे न उघडता गोड हसून हात छातीवर ठेवला. "नको, नको. पुष्कळ झालं."

"अहो, श्वास घ्या!"

"गळ्याशी आलंय हो आता. तुम्ही घ्या."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या भाषेत 'श्वास घ्या' म्हणजे 'तिनिस, घ्या'. यजमानीण ताट पुढे सरकवत म्हणते तेच. म्हातारा अजून सोगिमलाच बसला होता! मी आग्रह करणार आणि तो पोट भरलं म्हणणार. आग्रहाला पहिल्याच फेरीत बळी पडायला तो काही हावरट माणूस नव्हता.

"पेरिझात, उतारा काढ!" मी ओरडले. या औषधावर उतारा असतो, छोटी कुपी, सुईतून दिला की माणूस भानावर येतो. पेरिझात उलटी पळत कपाटापर्यंत गेली. खोका रिकामा होता. नवा खोका औषधाच्या खोलीत, खोलीची किल्ली औषधवाल्याच्या खिशात, आणि औषधवाला कुठे हे सांगायला नकोच. मी आयाला त्याच्या मागे पिटाळलं.

तोवर मी म्हाताऱ्याची हनुवटी वर उचलली, मास्क तोंडावर दाबला, फुगा पिळायला घेतला. त्याने मास्क हाताने बाजूला सारला. मी परत लावला, त्याने परत सारला, अदबीने, पण आयुष्यभर घोडे आवरलेल्या हाताने. "वाढू नका म्हणतोय ना," तो म्हणाला. "वाया जाईल." पेरिझातला म्हटलं, हात धर. ती म्हणाली, सासऱ्याचा हात कसा धरू? तरी धरला, रुमालातून. त्याने दोघींनाही सहज झटकलं.

"नीट ऐक," मी तिला सांगितलं. "हा असाच राहिला तर मला परत नळी घालावी लागेल. सकाळीच ती कशीबशी गेली होती, मान आखूड आहे, घसा आता सुजलाय. या वेळी जाईल की नाही, मला माहीत नाही. आणि नाही गेली तर माणूस हातचा जाईल."

तिचा चेहरा पांढरा पडला. "रशियनमधून सांगून बघा ना."

मी रशियनमधून हुकूम सोडला. म्हाताऱ्याने ताबडतोब छाती भरून श्वास घेतला. मला वाटलं, जिंकलं! पण त्याने तो धरूनच ठेवला. त्याला आयुष्यात रशियन माणसाने श्वास घ्यायला फक्त एक्स-रेच्या खोलीत सांगितलं होतं. थोडा वेळ थांबून त्याने तो सोडून दिला आणि चाचपडत विचारलं, "निघाला फोटो? शर्ट घालू?" दुसऱ्यांदा सांगितलं तर म्हणाला, एकदा काढला ना. आकडा पुन्हा खाली.

"तू बोल," मी पेरिझातला म्हटलं. "तुझा आवाज ओळखीचा आहे."

ती कानाशी वाकली. "वारा घ्या, बाबा."

"सूनबाई आली का?" म्हातारा खूश झाला. "तू घे, पोरी. सगळ्यांना वाढता वाढता तुझंच राहतं बघ."

एवढी वर्षं वाराबाबा, वाराबाबा केल्यावर वाराही त्याचंच नाव झालं होतं. पेरिझातचे डोळे भरून आले. एरवी कोणी तिला असं म्हणत नसणार. पण तेवढ्यात तिला सुचलं. आमच्याकडे कुठल्याच घरातून पाहुणा भाकरीला तोंड लावल्याशिवाय जाऊ शकत नाही, कितीही घाईत असो, कितीही जेवलेला असो. त्याला नाही म्हणता येत नाही.

"बाबा," ती म्हणाली, "तोंड तरी लावा."

म्हाताऱ्याने मुकाट्याने तोंड उघडलं आणि हवेचा एक घास घेतला. घास कसला, चतकोर तुकडा. आकडा एक पायरी चढला.

"तोंड लावा, बाबा."

आणखी एक तुकडा. मला त्या पोरीच्या अकलेचा मुका घ्यावासा वाटला. पण मानाच्या तुकड्यांवर माणूस किती तगणार? आणि मग त्याने भलतंच केलं. पांघरुणातून दोन्ही हात काढून त्याने तळवे वर केले. म्हातारा दुवा द्यायला लागला. या घराला बरकत येवो, यजमानीण सुखी राहो, मुलंबाळं वाढोत. आमच्यात ही दुवा झाली की जेवण संपलं. ताट उठलं. त्यानंतर कोणी घासाला हात लावत नाही, राजा आला तरी.

"थांबव त्याला!"

"दुवा कशी थांबवू?" पेरिझात रडत म्हणाली, आणि काय सांगू, तिनेही हात पुढे धरले होते. माझेही नकळत पुढे गेले होते.

"आमीन," म्हातारा म्हणाला आणि त्याने तोंडावरून हात फिरवले.

"आमीन," दाराबाहेरून कुल्याश म्हणाली.

आणि श्वास बंद. एक तुकडा नाही, काही नाही. ओठ निळे व्हायला लागले. मी मास्क दाबून धरला, त्याने दात आवळून मान फिरवली. आता आग्रह म्हणजे अपमानच होता.

"पेरिझात, नाव घे त्याचं."

"काय?"

"मी घेते त्याला काही वाटत नाही, मी परकी. तू घे."

"डॉक्टरबाई, मी मरेन."

"तू मेलीस तर मी तुला जागं करीन. हा मेला तर नाही करता येणार. घे नाव!"

तिने डोक्यावरचा रुमाल घट्ट केला. कानाशी वाकली. "तिनिसबेक," ती म्हणाली.

"हाँ!!" म्हाताऱ्याने असा आ वासून श्वास ओढला की पांघरूण वर उचललं गेलं. संतापाचा, धक्क्याचा, भला थोरला श्वास! पायांच्या नखापर्यंत गेला असणार. आणि दाराबाहेरूनही तसाच एक "हाँ!" ऐकू आला.

"परत!"

"तिनिसबेक!"

"हाँ!!" आतून. "हाँ!" बाहेरून. आकडा चढत होता. मी टाळ्या वाजवायच्याच काय त्या राहिल्या होत्या.

दार धाडकन उघडलं. "सटवे!" कुल्याश कडाडली. "जीभ झडली नाही तुझी? घरात येऊन एवढी वर्षं झाली आणि आज..."

"आजी," मी म्हटलं, "त्यांचे ओठ बघा."

तिने बघितलं. तिला आकड्यातलं काही कळत नव्हतं, पण निळ्याचं गुलाबी होताना कोणालाही दिसतं. ती उभी राहिली. पेरिझातने सासूच्या डोळ्यांत बघत पुन्हा नाव घेतलं, म्हाताऱ्याने पुन्हा श्वास ओढला, आणि म्हातारीने फक्त कानांवर हात ठेवले.

पण माणूस कशालाही सरावतो. थोड्या वेळाने सुनेच्या तोंडी नाव आलं तरी म्हाताऱ्याची नुसती भुवई हलायला लागली. "हल्लीच्या सुना," तो पुटपुटला आणि श्वास घ्यायचं विसरला.

"थोरल्या दिराचं घे!" कुल्याशने हुकूम सोडला. "त्याला कळलं तर मी बघून घेईन!"

"सेरिकझान!" पेरिझात ओरडली. "हाँ!!" म्हातारा.

"आता माझ्या सासऱ्याचं! ते गेलेत, त्यांना काय ऐकू येतंय!"

"मला माहीत नाही त्यांचं नाव. घरात कोणी घेतच नाही!"

कुल्याशलाही घेता येत नव्हतं. मग म्हातारीने बाही सरसावली, पाय फाकवले आणि हवेत लाकडं फोडायला लागली.

"खोदणं? मारामारी?"

"लाकडं गं, भवाने! कशाने फोडतात?"

"बाल्ता! बाल्ताबाय!" बाल्ता म्हणजे कुऱ्हाड.

"हाँऽऽ!!" बापाचं नाव सुनेच्या तोंडी! म्हाताऱ्याची छाती एवढी फुगली की मला टाक्यांची काळजी वाटली. मग कुल्याश खोलीभर मेंढ्यासारखी डोकं आपटत फिरली, मग कोंबड्यासारखी आरवली, मग तिने पोलाद ठोकलं, आणि पेरिझात ओळखून ओळखून एकेका चुलत्याला आणि आज्याला हाका मारत सुटली. मी हनुवटी धरून उभी होते आणि हसू की रडू ते मला कळत नव्हतं. पाय धरून सलाम करायच्या लायकीची सगळी माणसं त्या खोलीत एका दमात उकरून झाली.

आणि संपली. त्या घराण्यात आणखी थोर माणूस उरला नाही. म्हातारा शांत पडला, आकडा परत घसरायला लागला, आयाचा पत्ता नव्हता. मी नळीचं साहित्य जवळ ओढलं.

"आजी," मी म्हटलं, "आता तुम्हीच राहिलात."

"मी? मी कधीच नाही घेतलं," कुल्याश म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "लग्न झालं तेव्हा तोंडाला कुलूप लावलं. 'ऐकलंत का' म्हणते, 'म्हातारा' म्हणते. मनातसुद्धा कधी..." ती थांबली. "मनात घेतलंय."

तिने त्याचं पांघरूण नीट केलं. मोजा वर ओढला. मग वाकली आणि त्याच्या कानात म्हणाली, "तिनिस." मागचं बेकही लावलं नाही.

या वेळी 'हाँ' झालं नाही. म्हाताऱ्याने हळूच श्वास घेतला, खोल, सावकाश, दमून घरी आलेला माणूस बसतो तसा. सोडला. मग कोणी न सांगता दुसरा घेतला. मग तिसरा. त्याने डोळे उघडले आणि बायकोकडे बघितलं.

"काय गं?" तो म्हणाला. "आलोच मी."

मला हुंदका आला. तो गिळायला मी पेरिझातवरच खेकसले की फुगा असा कुठेही काय टाकतेस, उचल. तेवढ्यात आया औषधवाल्याला बखोटीला धरून घेऊन आली. त्याच्या हनुवटीला चरबी लागली होती. उतारा मी तरीही दिला, थोडा थोडा करून, आणि पुढे बराच वेळ तिथून हलले नाही. मी डॉक्टर आहे, मंत्र टाकणारी बाई नाही.

दुसऱ्या दिवशी म्हातारा उशांना टेकून बसला होता. "मला काही आठवत नाही," त्याने न विचारताच सांगितलं. "भूल म्हणजे भूल."

"काही झालंच नाही तर आठवणार काय?" कुल्याश चहा ओतत म्हणाली.

"काहीच नाही झालं," पेरिझात म्हणाली. रुमाल पुन्हा टोपीवर, चाल पुन्हा उलटी. तिच्या जिवात जीव आलेला दिसत होता.

अशा ऑपरेशननंतर फुप्फुसात कफ साचू नये म्हणून पेशंटकडून मुद्दाम खोल श्वास घेववतात. मी कागद बघत होते, आणि पेरिझात त्याला म्हणाली, "वारा घ्या, बाबा."

म्हाताऱ्याने ओठ मिटले आणि छताकडे बघितलं.

"वारा घ्या ना."

नाही. त्याचे गाल लाल व्हायला लागले. पेरिझात घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. फुप्फुस स्वच्छ, काळीज ठणठणीत. "श्वास घ्या," मी दरडावलं. घ्यायचं नावच नाही. चिमट्यावरचा आकडा हळूहळू खाली येत होता आणि म्हातारा, डोळे घट्ट मिटून, श्वास कोंडून बसला होता. मग त्याचा एक डोळा उघडला आणि चहा ओतणाऱ्या बायकोकडे वळला.

कुल्याशने किटली खाली ठेवली. कानापर्यंत लाल झाली. "म्हातारपणी हे काय!" ती म्हणाली. मग आम्हाला म्हणाली, "तुम्ही दोघी तिकडे तोंड करा."

मी वळले. पेरिझात क्षणभर घुटमळली आणि मग तिनेही आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्याकडे पाठ केली. मागे म्हातारी काहीतरी पुटपुटली, इतक्या हळू की मला ऐकू आलं नाही. पण म्हाताऱ्याचा श्वास ऐकू आला, लांबलचक, चवीचवीने घेतलेला.

"अजून एकदा वाढ," तो म्हणाला.